चालता साचा

"हात जोड व," वच्छलाबाईने मला कोपराने ढोसलं. "तुझे मालक सुरू करून रायले."

मी हात जोडले, पण डोळे मिटले नाहीत. चार वर्षांनी आम्ही मिलच्या रिंगखात्यात पाय ठेवला होता आणि पुढे काय होतं ते मला पाहायचं होतं. बाहेर ट्रकवर आणलेला जनरेटर धडधडत होता, कारण मिलची वीज केव्हाच कापलेली. आत अर्धं गाव गोळा झालं होतं. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या, जसं काही कोणाचं लग्न लागणार होतं. समोर साच्यापाशी माझा नवरा उभा होता. साचा म्हणजे सूत कातायची मशीन, चाळीतल्या बोळीइतकी लांब, दोन्ही अंगांना चात्यांच्या, सूत पिळणाऱ्या उभ्या सळ्यांच्या, रांगा. त्यांनी नारळ फोडला, लोखंडाला हात लावून तो कपाळाला लावला आणि बटन दाबलं.

आधी नुसता घुमल्यासारखा आवाज आला. मग एक चाती हलली, तिच्या शेजारची हलली, आणि पाहता पाहता सगळी रांग फिरायला लागली. पायाखालची फरशी थरथरली. ती थरथर माझ्या पोटऱ्यांनी ओळखली आणि मला रडू फुटलं. वच्छलाबाई तर मोठ्याने हुंदके देत होती. तिला रडायला तसं कारण लागायचं नाही. रिळिंगखात्यात आम्ही दोघींनी शेजारी बसून वीस वर्षं सुताच्या लडी केल्या आणि गावातल्या सगळ्यांच्या घरच्या गोष्टी चघळल्या, त्यामुळे तिचं रडणं मला पाठ होतं. पण त्या दिवशीचं खरं होतं.

नवऱ्याचं नाव दौलत. ते होते तोवर मी कधी तोंडाने घेतलं नाही. आता 'हे, हे' करत गोष्ट सांगता येत नाही, म्हणून घेते.

दौलत रिंगखात्यात जॉबर होते. साचे बसवणं, खोलणं, दुरुस्त करणं त्यांच्याकडे. रामदयाल मिलचे साचे इंग्रजांच्या राज्यात विलायतेहून बोटीने आलेले. ते करणारी कंपनी कधीच बुडाली होती आणि नवे पार्ट येणं आमच्या सासऱ्यांच्या वेळीच बंद झालं होतं. तेव्हापासून आमच्या मिलची एक रीत पडली होती. एका साच्याची चाती दुसऱ्याला, दुसऱ्याचा गिअर तिसऱ्याला, असं उसनं-पासनं करून सगळे चालते ठेवायचे. कोणत्या साच्यात कोणाचा हात आणि कोणाचा पाय बसवलाय, हे दौलतना आपल्या लेकरांच्या जन्मखुणांसारखं ठाऊक होतं.

मिल बंद पडली. चार वर्षं मी लोकांच्या वावरात कापूस वेचला. दौलत कधी सायकलच्या दुकानात, कधी नुसते घरात. मग कोर्टाने नेमलेल्या साहेबाने मिलचं सामान विकायला काढलं आणि अहमदाबादेहून ठक्करशेठ नावाचा माणूस पाहायला आला. पांढरा सदरा, पायात साधी चप्पल, बोलणं गोड. तो सगळं खातं फिरला आणि जाताना दौलतना एवढंच म्हणाला, "यातले जितके साचे चालवून दाखवशील, तितके मी घेतो."

त्या एका वाक्यावर आम्ही अख्खी मिल उभी केली. चालवून दाखवायचे म्हणजे त्याला चालवायचे आहेत. चालवायचे आहेत म्हणजे माणसं लागणार. माणसं म्हणजे आम्हीच, दुसरे कोण? संध्याकाळपर्यंत चाळीत बातमी झाली की अहमदाबादचा शेठ मिल सुरू करतो, आणि दोन दिवसांत लोक कोणाला पहिली पाळी मिळेल यावरून भांडायला लागले.

मला या आनंदात सामील होता येत नव्हतं. माझा भाऊ शालिक बुटीबोरीला एका कंपनीत होता. त्याने साहेबाच्या हातापाया पडून दौलतसाठी हेल्परची जागा धरून ठेवली होती. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. मी रोज तेच दळण दळत होते.

"हेल्पर?" दौलत म्हणायचे. "मी जॉबर हावो."

"कुठचे जॉबर? मिलीले कुलूप लागून चार वर्सं झाले."

"कुलूप निघून रायलं ना आता."

"अन् नाई निघालं तं?"

यावर ते रॉकेलचा डबा उचलून मिलकडे चालू लागायचे. महिनाभर त्यांनी पाच-सहा जुने सोबती घेऊन फुकटात काम केलं. धड साचे थोडेच होते. बाकीच्यांचं जे जे चांगलं ते काढून त्यांनी या थोड्यांना लावलं. रात्री घरी यायचे ते नखात ग्रीस घेऊन, पण पोटभर जेवायचे. चार वर्षांत मी त्यांना असं जेवताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे भांडता भांडता माझाच आवाज खाली यायचा.

तर असा तो शनिवार. एकामागून एक साचे सुरू झाले. कापसाचे पेळू वरून उतरत होते, खाली सूत होऊन कांडीवर चढत होतं. मधेच एखादी तार तुटली की कोणी न सांगता दोन बाया धावायच्या आणि जोडून मागे सरायच्या. कोणाची पाळी नव्हती, कोणाला पगार नव्हता. हात आपले आपण पुढे जात होते. माझेही गेले.

ठक्करशेठ प्रत्येक साच्याच्या कडेने सावकाश चालत होता. कान लावून ऐकायचा, वाकून पाहायचा, एखाद्या चातीपाशी बोट न्यायचा आणि खिशातून खडू काढून तिच्याखाली पांढरी खूण करायचा. काही चात्यांना खूण नाही. गिअरच्या पेटीवर खूण, रुळावर खूण.

"पास करून रायला," मागून कोणीतरी म्हणालं. झालं, लोक खुणा पाहायला लागले. ज्या साच्यावर जास्त खुणा, त्यावर पूर्वी काम केलेले गडी मिशीवर ताव द्यायला लागले. दौलतच्या लाडक्या साच्याखाली तर पांढरी रांगच उमटली.

"ही बाजू कोणी बसवली, दौलतभाऊ?" ठक्करशेठने विचारलं.

"मीच."

"एक पण चाती डगमगत नाय. सत्तर-ऐंशी साल जुना माल, आणि एक पण चाती डगमगत नाय." त्याने दौलतच्या पाठीवर हात ठेवला. "तुझ्यासारखा माणूस आमच्याकडे नाय."

"शेठ, पसंत हाये ना मंग?" वच्छलाबाईने सगळ्यांच्या वतीने विचारलं. तिला कोणी नेमलं नव्हतं.

"बहुत पसंत," तो हसून म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी गुळाचे खडे वाटले. पहिल्या कांडीचं सूत मिलच्या देवीला वाहायची आमची चाल, तर त्या कांडीसाठी बायकांची अशी झोंबाझोंबी झाली की सूत देवीपर्यंत अर्धंच पोचलं. उरलेलं प्रत्येकीच्या मनगटाला. माझ्याही.

घरी येताना दौलत एसटीडीच्या दुकानापाशी थांबले. "शालिकले सांगून दे," म्हणाले. "येत नाई म्हन."

मी महिनाभर भांडले होते. पण फरशीची ती थरथर अजून पायात होती. मी आत जाऊन फोन लावला. शालिक पलीकडून ओरडला, "अंजनाबाई, येड लागलं का तुमाले? पुन्हा मी कोनाच्या पाया पडनार नाई." मी त्याला म्हटलं, आता तूच ये इकडे, तुला लावून देते मिलमध्ये. हसत म्हटलं. भावाला असं तोऱ्यात बोलायची संधी मला फार दिवसांनी मिळाली होती.

रविवार असाच गोडात गेला. सोमवारी सकाळी आम्ही बायका ताटात हळदकुंकू घेऊन मिलच्या फाटकावर गेलो. फाटक उघडं होतं. आत दोन ट्रक उभे होते. आणि रिंगखात्यातून आवाज येत होता तो साच्यांचा नव्हता. लोखंडावर घण पडत होता.

दौलत माझ्या पुढे धावले. मी ताट सांभाळत मागे. आत अनोळखी पोरं साच्यांवर चढली होती. दौलतच्या लाडक्या साच्याची एक बाजू उघडी पडली होती. जिथे जिथे पांढरी खूण तिथे तिथे पाना लागत होता. बिनखुणेचं ते तसंच खाली फेकत होते.

"शेठ, हे काय?" दौलतचा आवाज मला ओळखू आला नाही.

ठक्करशेठ खुर्चीवर बसून चहा पीत होता. "काय म्हणजे? माल काढतो."

"पन साचा तं चांगला हाये. तुमी सोता पायला परवा."

"चांगला आहे म्हणून तर घेतला, भाऊ. खराब असता तर वजनावर भंगारवाल्याला गेला असता." त्याने कप खाली ठेवला. तो चिडला नव्हता, समजावून सांगत होता. "या कंपनीचे साचे अजून कितीतरी मिलमध्ये चालतात. पार्ट कुठेच भेटत नाय. आणि बंद साच्याची चाती सरळ आहे की वाकडी, नुसती बघून कळते काय? फिरली तरच कळते. म्हणून तर चालवून बघितले."

"अन् मिल?"

"कुठली मिल?"

ठक्करशेठने आमच्याकडे पाहिलं. हळदकुंकवाच्या ताटांकडे पाहिलं. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा उतरला. मला आजही वाटतं की तो खराच उतरला.

"मी असं बोललो काय कधी?" त्याने हळूच विचारलं. "सांगा ना. कोणाला बोललो?"

कोणालाच नाही. कोणाच्या अंगावर धावून जावं, कोणाच्या नावाने बोटं मोडावीत, तेही कळेना. एवढी मोठी फसवणूक झाली आणि फसवणारा कोणी नव्हता. वच्छलाबाईचं ताट तिच्या हातातून गळून पडलं. माणसं एकेक करून मागच्या मागे निघायला लागली.

तेवढ्यात घण घेतलेल्या पोराने साच्याच्या पट्टीवर दणका दिला आणि दौलत ओरडले, "थांब बे! असा नाई!"

सगळे थांबले. दौलत पुढे गेले. मला वाटलं, आता ते त्या पोराला उचलून आपटतात. मला ते हवंच होतं. त्यांनी त्याच्या हातातला घण काढून बाजूला ठेवला, खिशातून आपला पाना काढला आणि साच्याखाली वाकले.

"पट्टीले मारलं का चाती वाकते," ते त्या पोराला म्हणाले. "आंधी खालचा नट ढिल्ला कर. मंग हातानं उचल. हे पाय. अशी."

चाती अलगद वर आली. त्यांनी ती आपल्या शर्टाला पुसली आणि गोणपाटावर आडवी ठेवली. मग दुसरी. फाटकाकडे निघालेली माणसं दारात उभी राहून पाहत होती. कोणीतरी "थू!" केलं. दौलतनी मान वर केली नाही.

संध्याकाळी ते घरी आले. मी पाणी दिलं नाही, जेवणाचं विचारलं नाही. त्यांनी स्वतःच राख घेऊन हात घासले.

"दिवसभर काढून दिल्या?" मी विचारलं.

"हो."

"कावून?"

"त्या पोट्ट्याले येत नव्हतं. वाकवल्या असत्या त्यानं."

"मंग वाकू द्याच्या ना! मोडू द्याच्या! आपल्याले काय त्याचं?"

त्यांनी हातावर पाणी ओतलं. "अंजना, त्या वाकल्या असत्या तं कुठीच फिरल्या नसत्या," म्हणाले.

मला त्यांचा असा राग आला की ताट समोर आपटलं आणि बाहेर जाऊन बसले. नवरा भेकड असता तर चाललं असतं. भेकडाला शिव्या देता येतात. यांना काय द्यायचं?

सगळे साचे उतरेपर्यंत दौलत जात राहिले. शेठ रोजी देत होता आणि ती चांगली होती. चाळीत आमच्याशी बोलणं बंद झालं. नळावर मी गेले की बायका आपापली भांडी उचलायच्या. महिनाभर ज्यांनी त्यांच्याबरोबर रॉकेलमध्ये गिअर धुतले, त्यांनी दौलतचं नाव खाटीक ठेवलं. वच्छलाबाईने माझ्याकडे पाहणंसुद्धा सोडलं. ते मला सगळ्यात जास्त लागलं. तिच्याशी बोलल्याशिवाय माझा एक दिवस गेला नव्हता.

शेवटचा ट्रक भरला त्या दिवशी ठक्करशेठ आमच्या घरी आला. ओट्यावरच बसला, चहा घेतला.

"अकोल्याच्या पुढे एक मिल आहे," तो म्हणाला. "तिथले साचे पण हेच. पण चालू करणारा कोणी नाय. तू चल. तिथली माणसं घे, साचे चालते कर. मी बघतो. मग तूच खोल. तुझ्या हाताने एक पण पार्ट तुटत नाय."

मी दारामागून म्हटलं, "नाई म्हना."

दौलतनी माझ्याकडे पाहिलं. मग आत पाहिलं. आत आमची लेक रंजना तापाने पडली होती आणि घरात काय होतं, काय नव्हतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. बुटीबोरीची जागा दुसऱ्या कोणाला मिळून गेली होती.

"कवा निघाचं?" त्यांनी विचारलं.

पुढे बरीच वर्षं त्यांनी हेच काम केलं. बंद मिल दिसली की शेठचा निरोप यायचा. त्या पैशावर रंजना शिकली, तिचं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला. मी तो पैसा कधी नाकारला नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या अकोल्यापुढच्या मिलचं. शेठने तिथे एक खोली दिली होती आणि दौलतना खोकल्याने घेरलं होतं, म्हणून स्वयंपाकाला मी सोबत गेले. तिथल्या जुन्या कामगारांना हाताशी धरून ते खपत होते. ती माणसंही फुकटात राबत होती. दौलत त्यांना काही सांगत नसत. खोटं एका शब्दाने बोलत नसत. कोणी विचारलं तर म्हणायचे, "शेठले इचारा." आणि शेठला विचारायचं कोणाच्या मनात येत नव्हतं, कारण उत्तर प्रत्येकाने आपापल्या घरी ठरवून टाकलं होतं.

चालवून पाहायच्या दिवशी मीही खात्यात गेले. जायला नको होतं. तीच गर्दी, तीच ठेवणीतली लुगडी. माझ्या शेजारी माझ्याच वयाची एक बाई उभी होती. तिने तांब्याभर पाणी आणलं होतं आणि कोणाला द्यावं ते शोधत होती.

"तुमी कोनत्या खात्यात होत्या?" तिने मला विचारलं.

"मी इथची नाई."

"मी रिळिंगची. पंधरा वर्सं." मग तिने आवाज खाली आणला. "पहिल्या पाळीले बायांना घेनार म्हनतात. खरं हाये का व?"

मी तिचा हात धरला, तिला खांबामागे नेलं आणि सगळं सांगितलं. मिल सुरू होणार नाही. हे लोक साचे तोडायला आले आहेत. चालतील तेवढे उद्या-परवा खोलतील आणि घेऊन जातील. आमच्या गावाला असंच झालं. घरी जा, बाकीच्यांना सांग, दुसरं काम पाहा.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग आपला हात सोडवला.

"कोन हो तुमी?" तिचा आवाज कडक झाला. "लोकाच्या चांगल्या कामात असं वंगाळ बोलाले कोनी पाठवलं तुमाले?"

"बाई, मी खरं सांगतो."

"खरं?" तिने साच्याकडे बोट केलं. दौलत एका बाजूने चात्या तपासत येत होते. प्रत्येकीला हात लावून, धूळ दिसली की शर्टाच्या बाहीने पुसून. मधेच थांबून त्यांनी एक कांडी सरळ केली. "तो मिस्त्री पाहा. महिना झाला मी पाहून रायली त्याले. लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा हात फिरवते साच्यावरून. तोडनारा मानूस असा हात फिरवते का?"

ती म्हणत होती ते खोटं नव्हतं.

ती पदर सावरून गर्दीतून पुढे गेली आणि तांब्या दौलतपुढे धरला. "घ्या भाऊ," ती म्हणाली, "लय केलं तुमी आमच्यासाठी." दौलतनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग तांब्या घेतला, उभ्यानेच सगळं पाणी पिऊन टाकलं, तोंड पुसलं आणि माझ्याकडे न पाहता बटन दाबलं.